चहा कुणी ओतायचा

सहा वर्षांनी ताईचा मेसेज आला, आणि तोही कसा, तर नळ दुरुस्त करणाऱ्याला पाठवावा तसा. ‘गुरुवारी पोचते. रविवारी परत. शनिवारी सकाळी चहाला भेटू. जागा तू ठरव. ठरवायची तुला सवय आहेच.’ मी कचेरीत होते. बसकंपनीतल्या चारशे ड्रायव्हरांच्या पाळ्या मी लावते. कुणाची बायको बाळंत झालीय, कुणाची कंबर धरलीय, कुणाला कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही, हे सगळं डोक्यात ठेवून तक्ता भरते, आणि तो एकदा भिंतीवर लागला की कुणी हूं की चूं करत नाही. त्या दिवशी मात्र एका ड्रायव्हरला मी एकाच वेळी दोन बसवर बसवलं. तो बिचारा येऊन म्हणाला, “मॅडम, माझे दोन तुकडे करणार का?” सगळे हसले. मीही हसले. मग संडासात जाऊन मेसेज पुन्हा वाचला. पहिली चार वाक्यं तिनं विमानाचं तिकीट काढता काढता लिहिली असतील. शेवटचं वाक्य लिहायला मात्र तिला अर्धा तास लागला असणार. मी ओळखते ना तिला. खोडून पुन्हा लिहिलं असेल, पुन्हा खोडलं असेल, आणि मग दात खाऊन पाठवून दिलं असेल.

चेक-मनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जेवताना सांगितलं, तर म्हणतो, “अगं, चहाच प्यायचाय ना? कुठंही प्या. खालच्या मॉलमध्ये बरा मिळतो.” या माणसाशी मी तीस वर्षं संसार केलाय. मी म्हटलं, “तू भात खा.” त्याला काय सांगायचं? आम्हा चिनी लोकांत माफी तोंडानं मागत नाहीत. धाकट्यानं थोरल्याच्या कपात चहा ओतायचा, कप दोन्ही हातांनी पुढं करायचा आणि गप्प बसायचं. थोरल्यानं चहा प्यायला की विषय संपला, त्यावर पुन्हा कुणी बोलत नाही. नाही प्यायला, तरी विषय संपलाच, पण दुसऱ्या बाजूनं. ताईनं ‘चहाला भेटू’ लिहिलंय. जेवायला नाही, घरी येते असंही नाही. म्हणजे ती मला एक संधी देतेय, एकच, शनिवारी सकाळची, आणि तीही मी नीट जागा निवडली तर. बहीण परत मिळणार की कायमची जाणार, एवढंच त्यात होतं. आणि वर हा माणूस मला मॉल सुचवतोय.

आणि चीड याची की मी केलं तरी काय? हे मी सहा वर्षं स्वतःला विचारतेय, भांडी घासताना, पाळ्या लावताना, बसच्या खिडकीशी बसून. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पहाटे आई गेली. त्याच शनिवारी व्हँकुव्हरला ताईच्या मुलीचं, हेइ-तुंगचं लग्न. सगळ्यांना ठाऊक आहे, घरात मरण झालं की लाल रंगाला, म्हणजे लग्नाच्या रंगाला, हात लावायचा नाही. एक तर लग्न पुढं ढकला किंवा सुतकात उरका, आणि मग आयुष्यभर त्या जोडप्याला सर्दी जरी झाली तरी लोक म्हणणार, बघा, तेव्हाच सांगत होतो. दोनशे पाहुणे, हॉल ठरलेला, जावयाचे आजी-आजोबा मलेशियाहून निघालेले. आई शवागारात होती, इथं अंत्यविधीला तशीही दोन-तीन आठवडे वाट बघावीच लागते. मी विचार केला, पाच दिवस. पाच दिवस गप्प राहिले तर एका पोरीचं लग्न निर्वेध पार पडेल. कुणाला विचारणार होते? विचारणं म्हणजेच सांगणं. म्हणून मी ठरवलं. रविवारी फोन केला. ताई आली, अंत्यविधी केला, सगळे नमस्कार केले, आणि विमानतळावर मला एवढंच म्हणाली, “आई बर्फात होती आणि तू मला लाल कपड्यात नाचवलंस.” त्यानंतर सहा वर्षं एक शब्द नाही. हेइ-तुंगला दोन मुलं झाली, ती मला फोटो पाठवते, चोरून. म्हणजे ज्या पोरीचं लग्न मी वाचवलं तिला माझ्याशी बोलायला आईची चोरी. आणि चहा मी ओतायचा!

पण ओतणार होते. छप्पन्न वर्षांची बाई मी, मला एकच बहीण आहे. लहानपणी आम्ही एकाच खाटेवर उलटसुलट झोपायचो, तिचे पाय माझ्या तोंडाशी. परीक्षेच्या दिवसांत ती मला पाय मारून उठवायची, “क्वान, ऊठ, पुस्तक तोंडावर घेऊन घोरतेयस.” प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात ती काम करायची तेव्हा तिच्या बोटांना रंगाचा वास यायचा. त्या बोटांनी ती मला संत्रं सोलून द्यायची आणि मी नाक मुरडायचे. हे सगळं मला ‘वा फुंग’ या जुन्या चहाघरात आठवलं. मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी तिथं गेले होते, जागा बघायला. जशी काही ती मला माहीत नव्हती! आई तीस वर्षं रोज सकाळी सहाला तिथं बसायची, एक किटली काळा पू-अर चहा आणि दोन टोपल्या वाफवलेलं खाणं, वर्तमानपत्र आणि शेजारच्या टेबलाशी वाद. गेलं वर्षभर मी तिथं पाऊलही टाकलं नव्हतं. जिना चढले तोच वाफेचा, तिळाच्या तेलाचा आणि ओल्या फरशीचा वास अंगावर आला.

एका गोल टेबलाशी तीन अनोळखी माणसांत जागा मिळाली. समोरचा म्हातारा कोंबडीचे पाय चोखून हाडं टेबलक्लॉथवरच थुंकत होता, त्याच्याशेजारी दोन बायका एका सुनेला फाडून खात होत्या. मी कप-वाट्या गरम चहानं विसळल्या, पाणी मधल्या मोठ्या वाडग्यात ओतलं, हात आपोआप चालले. मग घड्याळ लावून बघितलं, इथं शांतता किती वेळ मिळते ते. चाळीस सेकंदही नाही. खाण्याच्या ढकलगाड्या फिरवणाऱ्या बायका ओरडत होत्या, कुणीतरी टोपल्यांची चळत खाली टाकली. आणि तेवढ्यात फाँग मावशीनं मला बघितलंच. सत्तरीची झाली तरी गाडी ढकलतेय. “अगंबाई, यिमबाईंची धाकटी ना तू! वाळलीस किती! नवरा खायला घालत नाही?” आणि टोपलीचं झाकण काढून हार गाऊ माझ्यापुढं ठेवलेसुद्धा. कोळंबी भरलेल्या या पुड्यांच्या पारीला कडेनं कळ्या पाडलेल्या असतात. इथल्या जाड, एखादी फाटलेली, पण कोळंबी अशी की दाताखाली कुरकुरावी. मी म्हटलं, “मावशी, शनिवारी ताई येतेय.” झालं. तिनं गाडी तिथंच सोडली. “लान? लान येतेय? मग आईच्याच टेबलाशी बसा, मी धरून ठेवते. अगं, आम्ही सगळ्या येऊ भेटायला, आह-सामलाही बोलावते, ती गुडघ्यांमुळे घरी असते हल्ली, पण लानसाठी येईल.” माझ्या डोळ्यांसमोर आलं: आईची खुर्ची, भोवती पाच म्हाताऱ्या, आणि त्यांच्यामध्ये मी दोन्ही हातांत कप धरून उभी. ताई प्यायली तर त्या टाळ्या वाजवणार. नाही प्यायली तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शाम शुई पो वस्तीत झालेलं असणार. मी म्हटलं, “बघते मावशी, अजून ठरलं नाही.” ती म्हणाली, “त्यात ठरवायचं काय?” आणि समोरचा म्हातारा हाड थुंकून म्हणाला, “तेच म्हणतो.” याला कुणी विचारलं होतं?

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत समुद्र ओलांडून ‘युन शुई’ या महागड्या हॉटेलात गेले. सव्विसावा मजला, लिफ्टमध्ये कान बंद होतात. कंपनीच्या साहेबांबरोबर दोनदा जेवले होते तिथं, पण तेव्हा सगळं लक्ष साहेबांच्या तोंडाकडे. आता मात्र मी पाहणी करायला आले होते, पाळ्या लावणाऱ्या बाईच्या पद्धतशीरपणानं. दोन टेबलांत अंतर किती, खिडकीशी ऊन येतं का, संडास कुठं, म्हणजे रडू आलं तर किती पावलं चालावी लागतील. शांतता अशी की स्वतःचं गिळणं ऐकू यावं. इथं माझं वाक्य तिला ऐकू येईल आणि शेजारच्या टेबलाला नाही. शिवाय माफी स्वस्तात मागू नये, असंही वाटलं. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, “काही खास प्रसंग आहे का मॅडम?” मी म्हटलं, “बहिणीची भेट.” ती गोड हसली, “किती छान! दीर्घायुष्याचे पीच फळाच्या आकाराचे पाव ठेवू का, शुभेच्छा म्हणून?” मी म्हटलं, “काहीही ठेवू नका. फक्त आम्हाला एकटं सोडा.” तिनं ते लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

परत येताना पुन्हा शंका. बोटीत बसले आणि वाटलं, ताई म्हणेल, आईची जागा सोडून मला काचेच्या पिंजऱ्यात आणलंस, लाज वाटली का आमची? वा फुंगला नेलं असतं तर म्हणाली असती, आईच्या खुर्चीवर बसवून मला हरवायचं होतं तुला. काहीही निवडलं तरी मीच निवडलेलं असणार. हीच तर तिची चाल होती, आणि मी ती ओळखून तिच्यात पाय घालत होते. गुरुवारी मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. शुक्रवारी रागारागानं मेसेज केला: ‘युन शुई, अकरा वाजता.’ तिकडून एक अक्षर आलं नाही, फक्त वाचल्याची खूण आली. चेक-मन म्हणाला, “उत्तर नाही म्हणजे होच.” मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसला, सकाळी घातलेलं असूनही.

ताई वेळेवर आली. केस रंगवणं सोडलंय तिनं. पांढरे, आखूड, आईसारखे, आणि चालताना डावा पाय जरा ओढते. मी उठून उभी राहिले. ती म्हणाली, “बस, बस.” बसली, खिडकीबाहेर बघितलं, खाली समुद्र, बोटी. “उंच आहे,” म्हणाली. मी म्हटलं, “हो, सव्विसावा.” सहा वर्षांनी दोन बहिणींनी काय बोलावं, तर मजले! कोणता चहा, असं वेटरनं विचारलं. मी म्हटलं, पू-अर. मनात म्हटलं, आता किटली येईल, मी उठेन, दोन्ही हातांनी ओतेन. शब्दसुद्धा जमवून ठेवले होते: ताई, माझं चुकलं, तुला विचारायला हवं होतं. तीन रात्री हेच घोकत होते. किटली आली. हातमोजे घातलेल्या त्या पोरानं ती भिंतीशी असलेल्या छोट्या टेबलावर, शेगडीवर ठेवली, आणि मग तिथून उचलून आणून एका लांब हातानं आमचे कप भरले. आधी ताईचा, मग माझा. तीन पावलं मागं जाऊन उभा राहिला. ताईनं कप उचलून घोट घेतला. माझे हात मांडीवर. मी बघतच राहिले.

तेव्हा कळलं. इथं चहा कुणीही ओतत नाही, तेच ओततात. साहेबांबरोबर दोनदा जेवले, पण कप रिकामा कधी झालाच नव्हता, मग कोण भरतं याकडे माझं लक्ष कशाला जाईल? अंतर मोजलं, ऊन मोजलं, संडासापर्यंतची पावलं मोजली, आणि ज्यासाठी एवढं सगळं, ती किटली कुणाच्या हातात असते हे बघितलंच नाही. चारशे माणसांच्या पाळ्या लावते म्हणे! मी वेटरला म्हटलं, “किटली इथं टेबलावर ठेवाल का?” तो नम्रपणे म्हणाला, “मॅडम, तिथं ठेवली की चहा नीट गरम राहतो.” मी म्हटलं, “गार चालेल.” तो हसला, त्याला विनोद वाटला. ताईच्या कपातला चहा अर्धा झाला की मी उठायच्या तयारीत, आणि मी खुर्ची मागं सरकवायच्या आत तो हजर. एकदा, दोनदा. टोपल्या आल्या. हार गाऊ एकेकीसाठी एकेक, प्रत्येक आपल्या इवल्याशा टोपलीत, वर सोन्याचा वर्ख. ताईनं वर्ख चॉपस्टिकनं बाजूला केला. “हे काय, औषध?” मला हसू यायला हवं होतं. मला रडू येत होतं, रागाचं.

“हेइ-तुंग कशी आहे?” मी विचारलं. “तुला माहीत आहे ती कशी आहे,” ताई म्हणाली. “फोटो पाठवते ना तुला. मला काय कळत नाही?” तेवढ्यात तो पोरगा पुन्हा निघाला, हात पुढं करून. मी उठले. खुर्ची मागं पडली असती, कशीबशी धरली. भिंतीपाशी गेले आणि त्याच्या हातातून किटली घेतली. घेतली कसली, हिसकावली. तो “मॅडम, मॅडम” करत राहिला, शेजारच्या टेबलावरची माणसं खाणं थांबवून बघायला लागली. मी म्हटलं, “बाळा, दोन मिनिटं लांब राहा, हात जोडते.” ताईच्या शेजारी उभी राहून मी तिचा कप भरला. काठोकाठ भरला, थोडा टेबलक्लॉथवर सांडला. दोन्ही हातांनी तिच्यापुढं केला. “ताई, माझं चुकलं. लग्न ढकलायचं की नाही हे तू ठरवायला हवं होतंस. मी तुला विचारायला हवं होतं.”

ताईनं कप घेतला आणि समोर ठेवला. प्यायली नाही. “बस,” म्हणाली. मी बसले, किटली मांडीवर घेऊन. ती कपाकडे बघत राहिली. “लग्नाचं म्हणतेस होय,” ती म्हणाली. “लग्नाचं मी कधीच सोडलं. पहिल्याच वर्षी. मीही कदाचित तेच केलं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी फोन केला होता, आठवतं? आईला दाखव म्हटलं. तू म्हणालीस, झोपलीय. मग म्हणालीस, आईनं सांगितलंय, लान, लालच नेस, माझ्या बांगड्या घाल आणि रडू नकोस. मी नेसले, घातल्या, रडले नाही. दोनशे लोकांना सांगितलं, माझ्या आईनं निरोप पाठवलाय. तो निरोप कुणाचा होता, क्वान?”

माझा होता. तिला तो इतका हवा होता आणि माझ्याकडे एवढंच होतं देण्यासारखं. आई तीन दिवसांची गेलेली, आणि मी तिचा आवाज काढून बोलले. फोन ठेवल्यावर मला बरंसुद्धा वाटलं होतं, की चांगलं सुचलं. हे मी ताईला म्हणाले, असंच, जसंच्या तसं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “हा चहा पिण्याआधी एक सांग. आई खरं काय म्हणाली? शेवटी. माझी आठवण काढली का तिनं?”

अंत्यविधीच्या दिवशी मी तिला सांगितलं होतं, आई शुद्धीत नव्हती, झोपेतच गेली, काहीच बोलली नाही. तेच पुन्हा सांगायचं, की झालं. ती कप उचलेल. मला ते स्वच्छ दिसत होतं. तिचा हात कपाजवळच होता. आईनं काही म्हटलंच नाही, मग कुणी काही चुकवलंही नाही. सहा वर्षं मी ही गोष्ट अशी आत कोंबून ठेवली होती की मलाच ती कधीकधी घडलेली वाटायची नाही. सोमवारी संध्याकाळी आई चांगली शुद्धीत होती. पेज चार चमचे प्यायली. आणि ताईला काय कळावं, काय कळू नये, हे मी आता सव्विसाव्या मजल्यावर बसून पुन्हा एकदा ठरवत होते. ताईच्या भल्यासाठी. ते जाणवलं आणि स्वतःची शिसारी आली.

“विचारलं होतं,” मी म्हटलं. “सोमवारी. लान कधी येणार, म्हणाली. दोनदा विचारलं. मी म्हटलं, लग्न झालं की येईल. फोन माझ्या हातात होता, ताई. तुमच्याकडे मध्यरात्र होती. वाटलं, लग्नाच्या आठवड्यात तुला कशाला घाबरवू, उद्या लावू. पहाटे ती गेली.”

खाली एक बोट धक्क्याला लागली, दुसरी सुटली. ताईचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी तिच्या हाताकडे बघत होते. बोटं टेबलक्लॉथ चिमटीत धरून सोडत होती. माझ्या मांडीला किटलीचा चटका बसत होता आणि मी ती हलवली नाही. तेवढ्यात वेटर आला, अगदी शिकवल्यासारखा, आवाज न करता, आणि ताईच्या पुढचा न प्यायलेला गार कप उचलून ट्रेमध्ये ठेवला आणि तिथं दुसरा, कोरा कप ठेवला. मला ओरडायचं होतं. माझी माफी तो घेऊन गेला, मोरीत ओतायला.

“जाऊ दे त्याला,” ताई म्हणाली. “तो चहा मी पिणारच नव्हते.” मग तिनं तो कोरा कप दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. “आता ओत. कशासाठी ओततेस ते आता कळलं ना तुला?”

मी उठून ओतला. या वेळी काहीच बोलले नाही, बोलायला काही उरलं नव्हतं. तिनं कप दोन्ही हातांत धरला, फुंकर न घालताच तोंडाला लावला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चहाच्या वाफेनं नव्हे. अर्धा प्यायली. कप खाली ठेवला.

“उरलेला नाही पिणार,” ती म्हणाली. “आज नाही.”

“बरं,” मी म्हटलं.

वेटर पुन्हा दोन पावलं पुढं आला होता. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं त्या कपाला हात लावला नाही.